शालिकभाऊंची पांढरी गाडी

राजुऱ्याच्या शालिकभाऊंच्या गॅरेजमध्ये गाडीआधी गिऱ्हाइकाची तपासणी व्हायची. "बांगड्या काढा. मोबाइल बंद करा. दार उघडाचं नाई, आतला लाइट लागते. खोकला हाये का तुमाले?"

मला खोकला नव्हता. असता तरी मी सांगितलं नसतं.

बाबांची जुनी गाडी प्रत्येक गतिरोधकाला बंद पडायची. इंजिनाच्या संगणकात नवा प्रोग्रॅम भरणं हाच इलाज होता. सोमवारी मला याच गाडीने एटापल्लीला नोकरीवर रुजू व्हायचं होतं. भरताना मध्येच वीज कमी पडली तर संगणक कायमचा जातो आणि या मॉडेलचा दुसरा मिळत नाही, हे भाऊंनी मला तीनदा ऐकवलं. मग त्यांनी जुना प्रोग्रॅम लॅपटॉपवर उतरवून ठेवला, बॅटरीला चार्जर लावला आणि मला सीटवर हात मांडीवर ठेवून बसवलं.

कोपऱ्यात एक पांढरी गाडी झाकून ठेवली होती. तिलाही चार्जर.

"ती कोणाची?"

"आमच्या घरच्या बाईची, शकुनची. ते गेली त्याले तीन वर्सं झाले. गाडी तिचा पाय ओळखते. किती दाबते, कवा सोडते, सारं ध्यानात ठेवते. बॅटरी काढली का विसरली. म्हून चार्ज करून राह्यलो."

"तुम्ही चालवत नाही?"

"मी चालवली त माया पाय शिकन ना ते!"

प्रोग्रॅम साठ टक्के भरला आणि पंखा थांबला. लोडशेडिंग, ठरल्या वेळेच्या तासभर आधी. आमची बॅटरी म्हातारी, मीटरवरचा आकडा घसरू लागला. गॅरेजमध्ये दुसरी भरलेली बॅटरी एकच होती, पांढऱ्या गाडीतली, आणि जोडायची केबल त्या कोपऱ्यापर्यंत पोचत नव्हती. भाऊंनी एकदा कोपऱ्याकडे पाहिलं. मग पाना घेऊन गेले, पांढऱ्या गाडीची बॅटरी उचलून आणली आणि आमच्या बॅटरीला जोडली.

"भाऊ, नको." माझा आवाज फार बारीक निघाला.

"दाराले हात नका लावू."

शंभर टक्के झाले. आमची गाडी सुरू झाली आणि सुरूच राहिली. भाऊंनी बॅटरी परत नेऊन बसवली, ताडपत्री काढली, किल्ली फिरवली. इंजिन वर-खाली होत राहिलं, अनोळखी माणसांसमोर माझा आवाज होतो तसं.

"विसरली," ते म्हणाले आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले.

न बोलावता कुठे जाऊन बसणं माझ्या स्वभावात नाही. तरी मी काढून ठेवलेल्या बांगड्या टेबलावरच सोडल्या आणि त्यांच्या शेजारचं दार उघडलं. "एक चक्कर मारू या, भाऊ. शिकू द्या तिला तुमचा पाय."

त्यांनी पाय ॲक्सिलरेटरवर ठेवला. मग समोर बघतच म्हणाले, "दार हळू लावा, म्याडम."