इंजिनावरचं घावन

जनूमामांच्या दारात गाडी थांबली की ते आधी बॉनेटवर तळवा ठेवतात, तापानं फणफणलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. मग विचारतात, "पानी हाय का गं पोटात?" हा प्रश्न गाडीला असतो. आत बसलेल्या माणसाची चौकशी नंतर.

"आधी पानी, मग पाव्हना," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आमच्या आळीतल्या एका लग्नात नवरदेवाची मोटार मांडवाशी आली, तर मामांनी नवऱ्याला उतरू न देता बॉनेट उघडायला लावलं. बायका आरतीचं ताट घेऊन ताटकळल्या. "अहो मामा, मुहूर्त!" मुलीचा बाप कळवळला. मामांनी वळूनही बघितलं नाही. "मुहूर्त दुसरा काढता येतो. इंजिन बसलं तर वरात काय ढकलत नेनार?"

उमेदीची सगळी वर्षं त्यांनी दिघीच्या खाडीत लाँचवर इंजिन सांभाळलं. तिथं इंजिन थंड ठेवायला अख्खी खाडी होती. त्यामुळे बाटलीभर पाण्यावर दिवस काढणाऱ्या गाड्यांची त्यांना मनापासून दया येते.

मी त्यांचा शेजारी. माझ्या पिकअपमध्ये नारळ-सुपारी भरतो, दिघीहून फेरीबोटीनं आगरदांड्याला उतरतो आणि पुढे अलिबाग गाठतो. मामी गेल्यापासून मामा एकटेच असतात आणि दर खेपेला माझ्या बाजूच्या सीटवर बसतात. अलिबागला त्यांचं काही काम नसतं. गाडी बोटीवर चढली की ते उतरतात, बोटीच्या इंजिनाला कान लावतात आणि ड्रायव्हरला ऐकू जाईल अशा बेतानं पुटपुटतात, "खोकतंय. औषध द्या कुनीतरी."

यंदाच्या उन्हाळ्यात माझीच गाडी पाणी खाऊ लागली. सकाळी कूलंट खुणेपर्यंत भरावं, तर संध्याकाळी तळाला. जमिनीवर मात्र एक थेंब नाही. अलिबागच्या मेकॅनिकनं मान हलवली. "हेड गॅस्केट गेलं असणार, पाणी आतल्या आत इंजिनात जातंय. इंजिन उघडावं लागेल."

तो खर्च मला झेपणारा नव्हता. गाडी विकून पनवेलला मेहुण्याकडे ड्रायव्हर म्हणून जायचं, असं मी मनाशी ठरवलं. अलिबागच्या एका गिऱ्हाइकाशी बोललोही. मामांना मात्र सांगू शकलो नाही. रोज सांगायचं ठरवायचो, आणि त्यांनी चहाचा कप हातात दिला की तो पिऊन घरी यायचो. गाडी गेली की हा माणूस खाडीच्या पलीकडे पाऊल टाकणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

मेकॅनिकचं निदान तेवढं सांगितलं. मामा भडकले. "गॅसकिट? नाडी तरी बघितली का त्यानं?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडी ताब्यात घेतली. ऑइलची पट्टी उपसून उन्हात धरली. "आत पानी शिरलं असतं तर ह्याचं ताक झालं असतं." मग सायलेन्सरच्या मागे उकिडवे बसून त्यांनी धूर हुंगला, अत्तर हुंगावं तसा. "धूर पन पांढरा न्हाय. आतनं जात न्हाय, अनंता. बाहेरनंच जातंय, पन लपून."

इंजिन थंड झाल्यावर ते घरातून मोठा डबा घेऊन आले आणि मुठी भरभरून तांदळाचं पीठ भुरभुरायला लागले. प्रत्येक पाइप, प्रत्येक सांधा पांढराशुभ्र केला. माझी बायको ओट्यावरून म्हणाली, "मामा, गाडीला हळद लावताय काय?"

"हळद पन लावू. आधी नवरी धड होऊ दे."

म्हसळ्याच्या वाटेवरचा चढ चढून आम्ही परत आलो. बॉनेट उघडलं तर भाजल्या पिठाचा खमंग वास. सगळीकडे पीठ कोरडंच होतं. फक्त इंजिनात शिरणाऱ्या पाइपाच्या क्लिपखाली एक चकती चिकटली होती, बिस्किटाएवढी, कडेनं कुरकुरीत. मामांनी ती नखानं सोडवून माझ्या नाकासमोर धरली. "हे बघ! घावन!"

गाडी तापून दाब वाढला की पाणी तिथून झिरपायचं आणि गरम इंजिनावर जागच्या जागी सुकून जायचं. जमिनीवर थेंब दिसणार कुठून? पाइप आणि क्लिप बदलली. त्यानंतर पाणी खुणेवरून हललं नाही.

संध्याकाळी डबा परत द्यायला गेलो. अजून अर्धा भरलेला होता. मामा एकट्यापुरता भात लावतात, पिठाच्या वाटेला जात नाहीत. मी हसतच विचारलं, "एवढं पीठ कशाला दळून ठेवलंत?"

"सुमन येनार होती," मामा म्हणाले. सुमन त्यांची मुलगी, सुरतेला दिलेली. "तिच्या पोरांना घावनं लागतात. म्हनून तांदूळ धुतलं, वाळवलं, दळून आनलं. मग फोन आला, ह्या सुट्टीत न्हाय जमत."

मामा डब्याचं झाकण लावू लागले. "त्या अलिबागच्या गिऱ्हाइकाला काय कळवलंस?"

माझे कान तापले. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तू सोडून सगळ्यांनी."

मी तिथंच उभ्या उभ्या फोन लावला आणि गाडी द्यायची नाही म्हणून सांगून टाकलं. मामा माझ्याकडे पाठ करून झाकण दाबत राहिले. ते केव्हाच घट्ट बसलं होतं.

"उद्या पहिली बोट धरायची का दुसरी?" त्यांनी भिंतीकडे बघत विचारलं.