तेलाच्या तीन वाट्यांचा वृत्तांत

अन्नपूर्णेचे चरणी मस्तक ठेवून, घडले तैसे लिहितो. शके सोळाशे एक्याण्णव, विरोधी नाम संवत्सर, पौष वद्य पंचमी. ते दिवशी प्रातःकाळी राज्याचे अन्नपारखी जिवाजीपंत स्नानसंध्या आटोपून ओसरीवर बैसले, आणि तेलाचे मक्तेदार गिरमाजी शेटी यांजकडून रुप्याच्या वाटीत नमुना आला, आणि पंतांनी वास घेतला, थेंब जिभेवर ठेविला, शुद्ध म्हणोन शिक्का दिला, मग विडा घेतला. पारख्याने कोठारी जाऊन तेलाच्या बुधल्यात हात घालावा तर व्यापाऱ्याचा अपमान होतो, ऐसी पूर्वापार चाल होती.

त्याच महिन्यात पेठेतील लोकांचे पाय सुजो लागले, आणि धाप लागोन माणसे दगावली. मग दरबारी खल जाहला. दिवाणजी वदले की, एक पारखी अपुरा, आणखी दोन नेमावे, तिघांनी चाखिल्यावर दोष कोठोन राहील? सर्वांस मानले. मग तीन घरी तीन वाट्या जाऊ लागल्या, आणि तिन्ही शुद्ध ठरल्या, आणि पेठेत रडे थांबेना.

पंतांची वडील बहीण उमाक्का पेठेतच राहात. त्यांचेही पाय सुजल्याचे ऐकोन पंत भेटीस गेले, आणि म्हणाले की, धीर धरावा, नवा बंदोबस्त जाहला आहे. अक्का धापा टाकीत हसल्या.

"जिवबा, वाटी तुझ्या ओसरीवर येते. आम्हांस बुधल्यातले मिळते. आणखी एक पारखी नेमा, म्हणजे तुम्हां चौघांच्या प्रकृतीस भय नाही."

पंत उठोन घरी आले. दुसरे दिवशी आलेली वाटी तैसीच परत धाडिली, आणि वर्दी न देता एकटे पायी कोठारी गेले, आणि बुधल्याच्या तळचे तेल काढोन भेसळ पाहावयास त्यात तेजाब घातले. तेल तांबडे जाहले. पिवळ्या धोत्र्याच्या बियांचे तेल त्यात मिसळिले होते.

शेटी हात जोडोन म्हणाले, "पंत, आधी कळवावयाचे होते. वाटी पाठविली असती."

पंतांनी दाराला कुलूप घातले, त्यावर सरकारी मोहर केली, मग दिवाणजींकडे जाऊन अधिकाराची वस्त्रे आपण होऊन पुढे ठेविली, आणि घरी आले.

अक्का त्याच पक्षात निवर्तल्या. पंतांस पुनः कोणी बोलाविले नाही. उरलेले दोघे अद्याप आपापल्या ओसरीवर वाटी चाखितात. कोठारावरील मोहर मात्र तोडावयास कोणी धजला नाही. येणेप्रमाणे जाहले.