मातुश्री उद्याबाईंनी परमुलखी खाते उघडिले त्याची हकिकत

श्री. मजकूर ऐसा जे, पूर्वी थोर थोर पुरुषांनी गड घेतले, मुलूख मारिले, आणि त्यांच्या कारकुनांनी ते सविस्तर लिहून ठेविले, ते यथास्थित जाहले. परंतु पर्यटकाच्या परवान्यावर परमुलखी बँकेत खाते उघडिले, ऐसा पराक्रम कोणाचेही दफ्तरी नमूद नाही. सबब उद्याबाईंच्या थोरल्या जाऊबाईंनी फोनवरून आज्ञा केली की, तिकडे नेमके घडले काय ते एकदा नीट कळवावे. त्यावरून ही हकिकत लिहिली आहे. यात कोठे दोन शब्द वाढविले असतील तर ते शोभेखातर, लबाडीने नव्हे.

उद्याबाई म्हणजे कोण, हे आधी सांगणे प्राप्त. बाईसाहेब स्वदेशी एका सहकारी बँकेच्या काउंटरवर तीन तपे अंमल करून निवृत्त जाहल्या होत्या. खातेदार समोर आला की चष्म्यावरून त्यास न्याहाळीत, आणि मग "उद्या या" ऐसे फर्मान सोडीत. त्या फर्मानापुढे मोठमोठे व्यापारी माघारी फिरले आणि गावाने त्यांस हा किताब बहाल केला. बाईंस त्याचा राग नसे. काउंटरच्या अलीकडे दरारा पाहिजे, नाहीतर लोक डोक्यावर बसतात, ऐसे त्यांचे राजकारण होते.

पुढे त्यांची कन्या परमुलखी प्रसूत जाहली. मातुश्री दुपटी, टोपडी आणि आपला जुना स्टेपलर ऐसा सरंजाम घेऊन, पर्यटक परवान्यावर तेथे दाखल जाहल्या. तो मुलूख अजब. दुकानात रोकड चालेना, बसमध्ये रोकड चालेना, आणि मातुश्रींचे स्वदेशीचे कार्ड यंत्रास दाखवावे तो यंत्र लाल दिवा लावून तोंड फिरवी. मग केसांच्या पिना घेणे जाहले तरी जावईबापूंपुढे हात पसरणे आले. जावईबापू तर सोन्यासारखा माणूस, एक मागावे तर दोन देणार आणि वर "अजून काही?" ऐसे पुसणार, आणि तेच मातुश्रींस जिव्हारी लागे. ज्या बाईने विसाव्या वर्षापासून स्वतःचे कमावून खाल्ले, नवऱ्याकडेही कधी पै मागितली नाही, तिने आता पिनांसाठी अर्ज करावा, याचे त्यांस रडू येई.

कन्या म्हणाली, "अगं आई, माझं कार्ड घे ना. त्यात काय तुझं-माझं?"

"तुझं कार्ड घेतलं की लगेच तुझ्या मोबाइलवर मेसेज. मी पिना घेतल्या की कंगवा, हे तुला घरबसल्या कळणार. नको बाई."

ऐसे बोलून मातुश्रींनी बेत केला की, या मुलखात आपले स्वतःचे खाते उघडावे, स्वदेशीचे पेन्शन तेथे आणवावे, आणि मानाने फिरावे. परतीच्या विमानापर्यंत खाते न उघडल्यास जन्मभर मनास टोचत राहील, ऐसे त्यांनी ओठ मिटून ठरविले.

पहिली स्वारी शुभ वार पाहून निघाली. मातुश्रींनी पासपोर्टाच्या भाराभर झेरॉक्स काढून प्रत्येकीवर "खरी प्रत" लिहून सही ठोकिली, स्वतःच्या फोटोंचा गठ्ठा घेतला, आणि ओळख देणारा इसम म्हणून जावईबापूंस बरोबर घेतले. कारण जुन्या खातेदाराने सही करून ओळख दिल्याखेरीज नवे खाते उघडत नाही, हा त्यांच्या बँकेचा शिरस्ता, आणि तो त्रिभुवनात चालतो ऐसी त्यांची खातरजमा होती. गडाचे, म्हणजे बँकेचे, काचेचे दरवाजे आपोआप उघडले, ते पाहून फितुरी जाहली ऐसे वाटून मातुश्री हरखल्या. मग यंत्राने टोकन दिले, आणि टोकनाप्रमाणे त्या काउंटरवरल्या हसऱ्या बाईसमोर हजर जाहल्या. ही हसरी बाई त्या गडाची पहिली तटबंदी. मातुश्रींनी जावईबापूंस पुढे ढकलून "करा सही" म्हणून हुकूम दिला, तो हसऱ्या बाईने पुसिले की हे कोण आणि कशावर सही करणार. जावईबापूंनी त्यांच्या भाषेत उलगडा केला की, सासूबाईंस मी ओळखतो, हे मी सांगावे ऐसी त्यांची इच्छा आहे. त्यावर ती म्हणाली की, आपल्या सासूस आपण ओळखता यात नवल ते काय. मग तिने गठ्ठ्यातला एक फोटो कौतुकाने पाहिला, छान आहे ऐसा अभिप्राय दिला, आणि परत केला. मातुश्रींचा दारूगोळा ऐसा भिजला.

मग हुकूम ऐसा सुटला की, राहत्या पत्त्याचा पुरावा आणावा. कन्येच्या घरचे विजेचे बिल नेले, तो त्यावर नाव कन्येचे. मातुश्रींच्या नावाचे काहीतरी पाहिजे म्हणून फोनच्या दुकानी कूच केले, तो दुकानदार म्हणे, तुमच्या नावे फोन पाहिजे तर आधी इथले बँक खाते दाखवा. घागर विहिरीत आणि दोर घागरीत, ऐसा तो पेच होता. परत गडावर आल्या तर हसरी बाई गोड हसून बोलिली की, आज साहेब नाहीत, उद्या यावे.

हे ऐकोन मातुश्री जागीच थबकल्या. काचेच्या केबिनीत साहेबांचा कोट खुर्चीवर लटकत होता, पेल्यातून वाफ निघत होती, आणि टेबलाखालून साहेबांचे बूट स्वच्छ दिसत होते. ऐसे खोटे इतक्या शांत चेहऱ्याने मातुश्रींनीही आपल्या भर उमेदीतच सांगितले होते. राग यावयाचा तो राहिला आणि बाईंस हसऱ्या बाईचे कौतुकच वाटले. पोरगी पुढे जाईल, ऐसे त्या मनात म्हणाल्या.

घरी जावईबापू म्हणाले, "आई, सोडून द्या ना आता. मी आहे की."

"तुम्ही आहात हो. पण मी आहे की नाही, ते बघायचंय मला."

यावर जावईबापूंनी मान डोलाविली. त्यांस ते पटले होते.

मग मातुश्रींनी निर्वाणीचा वेढा घातला. कन्या दुपारी बाळंतिणीची झोप घेई, तेव्हा नात ढकलगाडीत घालून आजीने गडावर चालून जावे, केबिनीसमोरची खुर्ची धरावी, आणि टोकन घेऊन बसावे. टोकन आले की उठून जावे, नकार घ्यावा, आणि नवे टोकन काढून त्याच खुर्चीवर परत यावे. हाती टोकन असलेल्या गिऱ्हाइकास ऊठ म्हणण्याची प्राज्ञा कोणत्याही बँकेत कोणासही नाही, हे मातुश्री पुरते जाणून होत्या. दरवाजावरचा पहारेकरी तर लौकरच वश जाहला. गाडी दिसली की तो आपण होऊन पुढे येई आणि बाळापुढे जीभ काढून दाखवी.

एके दिवशी ऐन कामाच्या वेळी नातीने तोफ डागिली. गडात सर्वत्र गालिचे आणि कुजबुज, तेथे ते रडणे ऐसे घुमले की पैसे मोजणारी यंत्रे ऐकू येईनात. खातेदार माना वळवून पाहू लागले, हसऱ्या बाईचे हसू प्रथमच ढळले, आणि खुद्द किल्लेदार, म्हणजे बँकेचे साहेब, केबिनीबाहेर पडले. त्यांनी नम्रपणे फर्माविले की, बाईसाहेब, आपण पर्यटक आहात, आपले खाते होणे नाही, तरी कृपा करून लेकरास घरी न्यावे. तेव्हा मातुश्रींनी नातीस खांद्यावर थोपटीत, मोडक्यातोडक्या परभाषेत, परंतु घरी आरशासमोर घोकून ठेवलेले एकच वाक्य उच्चारिले, ते ऐसे की, नाही म्हणता ना, मग ते लेखी द्या.

हे अस्त्र मातुश्रींनी स्वतः सोसले होते. पूर्वी एका शाळामास्तराने काउंटरवर ते सोडिले तेव्हा स्वदेशीच्या बँकेत शिपायापासून मॅनेजरापर्यंत सर्वांस घाम फुटला आणि चहा येण्यापूर्वी मास्तरांचे काम जाहले. तोंडाने नाही म्हणणारा बहाद्दर कागदावर नाही लिहिताना कापतो, ही रीत सर्व मुलखांत एकच. किल्लेदारांनी पेन काढिले, पेन ठेविले, आणि केबिनीत जाऊन वरिष्ठांस फोन लाविला. बराच खल जाहला. शेवटी उलगडा ऐसा जाहला की, पर्यटकास खाते देऊ नये ऐसे कोणत्याच नियमात लिहिलेले नाही. कोणी तरी कधी तरी नाही म्हणाले, आणि पुढच्यांनी वहिवाट म्हणून ती चालविली. सबब साधे, लहान खाते द्यावे, मात्र या बाई आमच्या घरी राहतात ऐसे घरमालकिणीने समक्ष येऊन लिहून द्यावे.

"म्हणजे ओळख देणारा लागलाच की!" मातुश्री भर गडात मराठीतच गरजल्या. कोणास काही समजले नाही, तरी पहारेकऱ्याने टाळ्या वाजविल्या.

मग कन्येस फोन जाहला. ती केस कसेबसे बांधून धावत आली, आणि तिने सही केली. पुढे टपालाने कार्ड आले, त्यावर मातुश्रींचे नाव, आणि स्वदेशीचे पेन्शनही खाती जमा जाहले. दुसरे दिवशी मायलेकी बाळास घेऊन बाहेर पडल्या. बसमध्ये चढताना कन्या झोळ्या, पिशव्या, दुपटी उपसू लागली आणि एकदम ओशाळली.

"आई, पाकीट घरीच राहिलं गं. माझं तिकीट काढशील?"

"काढते की. आणि उतरल्यावर काय खायचं असेल ते माग. लाजू नकोस."

ऐसे म्हणून मातुश्रींनी कार्ड यंत्रास लाविले, यंत्राने हिरवा दिवा दाखविला, आणि त्या स्वतः खिडकीकडे तोंड करून बसल्या, कारण डोळे भरले होते आणि ते लेकीस दाखविणे नव्हते. येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. लेकीचे तिकीट बँकेने मातुश्रींच्या खाती खर्ची घातले, मातुश्रींनी ते जमेस धरिले. हा मजकूर खरा.