ग्वायाकिलची सरकती भिंत

आपल्या इमारतीत बिऱ्हाड वाढवायला टेम्पो लागणार नाही, असं आर्किटेक्ट फाब्रिसिओ अख्ख्या ग्वायाकिल शहराला सांगत सुटला होता. दोन घरांमधली भिंत रुळावर सरकायची. नोकरीपायी सतत शहर बदलणाऱ्यांना लागेल तेवढीच जागा घेता यावी, ही कल्पना. शुक्रवारी नगरपालिकेची मंडळी पाहायला येणार होती. पसंत पडली तर अशा आणखी इमारतींचं काम त्याचंच.

नमुन्यादाखल त्यानं सासूबाईंनाच आत ठेवलं. ओर्तेन्सियाबाई लेकरांकडे आळीपाळीनं राहायच्या, कुठेच टिकायच्या नाहीत. एवढं फिरतं माणूस दुसरं कुठून आणणार? शिवाय नाताळापासून त्या त्याच्याकडेच होत्या. हे कारण तो बायकोला बोलला नाही.

शेजारी मोस्केरा, जहाजावरचा निवृत्त आचारी. तो मासळी आणायला गेला आणि बाईंनी भिंत हातभर त्याच्याकडे सारली. शिलाईमशीन मावत नव्हतं. परत येऊन त्यानं ती दीड हात इकडे लोटली.

"जावईबापू, तुमची भिंत चळलीय," बाईंचा फोन.

"सासूबाई, शेजाऱ्याला विचारून सरकवायची असते."

"त्या खलाशाला विचारू? कांदा कापताना गातो तो."

फाब्रिसिओनं दोन्ही बाजूंना कड्या बसवल्या. दोघांनी काढल्या तरच भिंत हलणार. त्यानंतर फोन बंद झाले. आपल्या अकलेवर तो खूश होता.

शुक्रवारी नगरपालिकेच्या साहेबांना घेऊन तो आत शिरला, तर भिंत पार टोकाला गेलेली. मधोमध लांब टेबल, त्याभोवती सगळी इमारत एन्सेबोयादो, म्हणजे टूना माशाचं कांदा घातलेलं सूप, ओरपत बसलेली. मोस्केरानं साहेबांपुढेही वाडगा ठेवला. साहेबांनी तो संपवला, आणखी मागितलं, मग म्हणाले, "आता भिंत सरकवून दाखवा."

"नाही सरकत," मोस्केरा म्हणाला. "बाईंचा पाय अडकायचा, म्हणून रुळात सिमेंट भरलं."

"आणि तुम्ही इथे किती दिवस आहात, बाई?" साहेबांनी विचारलं.

"मरेपर्यंत," ओर्तेन्सियाबाई म्हणाल्या. "हे सोडून जायला मला काय वेड लागलंय?"

साहेबांनी लिंबू पिळत मान डोलावली. "इमारती देऊ तुम्हाला, आर्किटेक्ट. फक्त भिंती पक्क्या बांधा आणि खाली असा एक भटारखाना ठेवा."

फाब्रिसिओ रुळांचे नकाशे गुंडाळू लागला.

"राहू द्या ते, जेवून घ्या," सासूबाई म्हणाल्या. "पण उभ्यानंच हं. बसायला जागा नाही."