दणका मोजणारे हिंदुरावतात्या

आमच्या शेजारचे हिंदुरावतात्या भेटले की रामराम नंतर. आधी अंगठ्यानं समोरच्याचा उजवा खांदा दाबतात. "हितं दुखतंय काय?" माझ्या मेहुणीला बघायला आलेल्या पावण्याचाही खांदा त्यांनी दाबला होता. लग्न जमलं, हा भाग वेगळा.

तात्या पलटणीत बंदुका दुरुस्त करायचे. निवृत्तीनंतर कसबा बावड्यात तेच दुकान टाकलं. बार काढला की बंदूक मागं खांद्यावर आदळते. तो दणका कमी करायचा, हा त्यांचा ध्यास. नेमबाजीच्या रेंजवर ते बंदूक दोन दोरांवर पाळण्यासारखी टांगतात, लांबून सुतळीनं चाप ओढतात आणि ती किती मागं गेली ते फळीवर खडूनं टिपतात. मी शाळामास्तर, म्हणून आकड्यांची वही माझ्याकडं. मग दस्त्यात, म्हणजे खांद्याला टेकवायच्या लाकडी भागात, शिसं भरतात, मागं रबर लावतात, परत बार. शेवटचा बार स्वतःच्या खांद्यावर.

"किती बसला ते फळी सांगती, मास्तर. कसा बसला ते खांदाच सांगतोय की!"

गेल्या वर्षी पन्हाळ्याकडच्या अक्काताई आल्या. नवरा वारलेला, उसात रानडुकरं, त्याच्या बंदुकीचा परवाना नुकताच त्यांच्या नावावर झालेला. पण दणक्याच्या भीतीनं बार काढताना डोळेच मिटायच्या. दंड काळानिळा.

"परवाना परत करते, तात्या. मला न्हाई जमत."

तात्यांनी त्यांना बंदूक धरायला लावली. "दस्ता लांब हाय तुमास्नी. खांदा सोडून दंडावर बसतोय. इंचभर कापला की झालं!" म्हणत करवत उचललीसुद्धा.

अक्काताईंनी दस्ता दोन्ही हातांनी झाकला. "कापू नका. आमचे हे हितं गाल टेकायचे. पॉलिश गेलंय बघा."

एरवी गल्लीभर ऐकू जाणाऱ्या तात्यांनी हळूच करवत खाली ठेवली.

पुढं महिनाभर खपून त्यांनी अक्काताईंच्या मापाचा नवाच दस्ता घडवला. रेंजवर अक्काताईंनी बार काढला. डोळे उघडे.

"लागलं?"

"न्हाई की!" अक्काताई हसल्या आणि त्यांनी दुसरं काडतूस मागितलं. तात्यांची छाती चांगलीच फुगली.

निघताना जुना दस्ता त्यांनी स्वच्छ पंच्यात गुंडाळून दिला. "ह्याला तेल लावू नगा. गालाचा डाग जाईल."

परतताना मोटारसायकलवर मी म्हणालो, "तात्या, कापला असता तर एका दिवसाचं काम होतं."

मागून आवाज आला, तात्यांच्या मानानं फारच हळू:

"आमची मंडळी जाऊन सहा वर्सं झाली, मास्तर. तिच्या उशीला पडलेला खळगा मी अजून झटकलेला न्हाई."