भिंतीची चव

माझे सासरे घरात शिरले की पाय धुवायच्या आधी भिंत चाटतात. पाहुण्यांसमोरही. मग डोळे मिटून निकाल देतात, "खारट हाये, जवाईबापू. ओल खालून येऊन राहिली."

सासऱ्यांना मी मामाजी म्हणतो. ते तुमसरच्या एका राईस मिलमध्ये वजनकाट्यावर होते. निवृत्त झाले, सासूबाई गेल्या, आणि त्यांना चुन्याचा नाद लागला. भंडाऱ्यातल्या आमच्या बैठकीची एक भिंत त्यांनी चुन्याच्या गिलाव्यानं अशी घोटली की तिच्यात ट्यूबलाइट दिसायची. पण त्या भिंतीचं काम काही संपेना. अधूनमधून कुठेतरी टवका उडायचा आणि मामाजी थापी घेऊन एसटीनं हजर.

आल्या आल्या हुकूम, "फॅन बंद करा! वाऱ्यानं भिंत लवकर वाळते, मंग तडे जातात." बाहेर मे महिना. आम्ही घामाघूम आणि भिंतीच्या अंगावर ओलं गोणपाट. मी कुरकुरलो की म्हणत, "तुमी आंघोळ करता ना? तिले बी करू द्या."

काम असेल तरच ते आमच्याकडे चहा घेत. "पोरीच्या घरी बिनकामाचं बसा लागत नाही," असं त्यांचं ठरलेलं. माझी बायको रेखा हसून कप पुढे करायची. ते आधी थापी हातात घेत, मग कप.

परवा मामाजी असेच कामाला आलेले असताना आमचे ऑफिसचे साहेब घरी आले होते. भिंतीत 'टक्' असा आवाज झाला आणि चुन्याची टिकली थेट साहेबांच्या पोह्यांत. मामाजींनी ती बोटानं उचलून निरखली. "न भिजलेला खडा हाये, साहेब. ओल लागली, फुगला, उडाला. खा पोहे, काही होत नाही."

साहेब हसले. मला मात्र धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. "मामाजी, पुरे करा आता. मी पेंटर बोलावतो. तुम्ही पुन्हा यायची गरज नाही."

हे वाक्य मी चारचौघांत बोललो. लिहितानाही मान खाली जाते. मामाजींनी थापी पुसली, पिशवीत घातली आणि "बरं" म्हणून निघाले. चहा तसाच राहिला.

साहेब गेल्यावर रेखा म्हणाली, "बाबा चुना फडक्यातून दोनदा गाळतात. खडा राहीन कसा?"

"मंग?"

"जाताना एखादा खडा बोटानं भिंतीत दाबून ठेवतात. मी पाह्यलं आहे."

"मंग मले सांगितलं काहून नाही?"

ती गार झालेला कप उचलत म्हणाली, "भिंत फुटायची मी बी वाट पाहात होती."

लग्नाला इतकी वर्षं झाली. 'मामाजी, सहज या' असं मी एकदाही म्हटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी फोन केला.

"मामाजी, उद्या या."

"पेंटर नाही आला का?"

"बोलावलाच नाही."

"मंग काम काय हाये?"

"काम नाही. असेच या."

"बिनकामाचं कायले येऊ, जवाईबापू?"

माफी मागायची होती. फोन कानाला तसाच धरून मी भिंतीपाशी गेलो आणि रेखासमोर जीभ लावली. कसलीच चव नव्हती.

"खारट लागते, मामाजी."

"खालून का वरून?"

"खालून."

"मंग येतो पयल्या गाडीनं. फॅन बंद ठेवजा."

मी वळून पाहिलं. रेखानं तो आधीच बंद केला होता.