घंटी वाजली की हात वर

मस्तगडला माझ्या कापडदुकानाच्या माडीवर दिवसभर घंटी वाजत असते. नवीन गिऱ्हाईक वर बघून हात जोडतं. मग मला सांगावं लागतं, "मावशी, वर देव न्हाई, दाताचा डॉक्टर हाय."

आमचे खंडू डॉक्टर पेशंटला खुर्चीत बसवलं की आधी त्याच्या हातात एक पितळी घंटी देतात. मेंढराच्या गळ्यातली. "दुखलं, भ्या वाटलं, नुसता कटाळा आला तरी वाजवा. वाजली की काम बंद. बिलकुल बंद." आणि खरोखरच दोन्ही हात वर करून उभे राहतात, पोलिसांनी पकडल्यासारखे.

माझी दाढ किडली तेव्हा मी नऊ वेळा घंटी वाजवली. नवव्यांदा काही दुखत नव्हतं, डॉक्टर चिडतात का एवढंच बघायचं होतं. ते आपले हात वर करून उभे! शेवटी माझी मलाच लाज वाटली.

यंत्रं सगळी नवी. पेनाएवढा कॅमेरा तोंडात गेला की आपली दाढ पडद्यावर दिसते. पण त्याआधीही विचारणार, "बघायची का? न्हाई तर ऱ्हाऊ द्या." मी हौसेनं बघितली. हा एवढा खड्डा! सुईच्या आधी हिरडी बधिर करायचं मलम लावतात आणि ते लागू पडेपर्यंत गावाकडच्या गप्पा मारतात. रोज सकाळी दवाखाना उघडला की स्वतः त्या खुर्चीत आडवे होतात. म्हणे, "दिवा डोळ्यावर येतो का, ते झोपल्याबिगर कसं कळंल?"

एकदा माझं डोकंच फिरलं. "डॉक्टर, किती लाड करून राह्यले लोकांचे! धरायचं अन् उपटायचं."

सदा हसणारे डॉक्टर या वेळी हसले नाहीत. "आबांची दाढ अशीच उपटली, शेठ. दोघांनी दाबून धरलं व्हतं. ते थांबा थांबा म्हणत व्हते, कुणी थांबलं न्हाई. तव्हापासून कुणाला तोंड उघडून दाखवत न्हाईत. मला बी न्हाई."

आबा म्हणजे त्यांचे वडील. जांब समर्थच्या बाजूला राहतात, जन्मभर मेंढरं राखली. घंटी त्यांच्याच कळपातली. डॉक्टर दर रविवारी गावी जाऊन विनवायचे आणि हात हलवत परत यायचे. इथं लोक रांग लावून तोंड उघडत होते, पण या माणसाला हवं होतं ते एकच तोंड मिटलेलं होतं. मला फार वाईट वाटायचं.

गेल्या महिन्यात आबा आले. गाल टम्म सुजलेला, तीन दिवस पोटात अन्न नाही. मीच हात धरून माडीवर नेलं. डॉक्टरांनी त्यांच्याही हातात आधी घंटी दिली.

अजून काही सुरूही झालं नव्हतं, तोच आबांनी घंटी वाजवली. डॉक्टरांचे हात वर. पुन्हा वाजवली. पुन्हा वर. तिसऱ्यांदा वाजली तेव्हा डॉक्टरांचे डोळे भरून आले होते. "थांबलोय, आबा."

आबा लेकाकडे बघत राहिले. मग घंटी बंडीच्या खिशात टाकली आणि म्हणाले, "ही माझी हाय. तू कर तुझं काम." आणि मोठा आ केला.

मी खाली येऊन गल्ल्यावर बसलो. कान वरच होते. घंटी एकदाही वाजली नाही.

आबा ती खिशातच घेऊन गावी गेले. दुसऱ्या दिवशी डॉक्टर हसत दुकानात आले, "शेठ, एखादी घंटी हाय का?" मी दुकानातल्या देवापुढची काढून दिली.

आता गिऱ्हाईकानं वर बघून हात जोडले, तर मी काही बोलत नाही.